काचेमागे बसणारे घरमालक

बीडला मी खोली भाड्याने घेतली तेव्हा घरमालक माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. टेम्पोतून सामान उतरत होतं आणि ते ओट्यावर खुर्ची टाकून माझी गॅसची शेगडी, पुस्तकांची खोकी, एकुलती एक तुळशीची कुंडी असं एकेक बघत होते. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला चहाला बोलवायला तोंड उघडलं, तर ह्यांनी हातानेच थांबवलं. "आत्ता न्हाई. बसू द्या त्यांना." मी चार हातांवर उभी होते, सगळं ऐकू येत होतं. एकटी बाई राहायला आलेली आवडली नसावी असं मी धरून चालले. नवव्या दिवशी सकाळी ते जिन्याखाली येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय मॅडम, पाणी मानवलं का?" त्या दिवसापासून माझा चहा खालीच व्हायला लागला.

हा त्यांचा नियम होता आणि तो माणसांना, जनावरांना, भाडेकरूंना सारखाच लागू होता. नवीन आलेल्याला हात लावायचा नाही, काही विचारायचं नाही, उजेडात आणायचं नाही. त्यांच्या मते जगातली निम्मी दुखणी आल्याआल्या कौतुक केल्यामुळे होतात. मी तिथे एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायला गेले होते. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं पहिल्याच दिवशी शंभर प्रश्न सोडवून मागायची. हे ऐकल्यावर काकांनी मान हलवली. "मरतेत अशानं," एवढंच म्हणाले.

नोकरीत असताना ते जनावरांच्या दवाखान्यात होते, डॉक्टरांच्या हाताखाली. शिरूर कासारला काही वर्षं, पाटोद्याला काही वर्षं. खेड्यातले लोक त्यांनाच डॉक्टर म्हणायचे. त्याचा ते दर वेळी खुलासा करायचे, आणि लोक तरीही म्हणायचे. ऊसतोडीला निघायच्या आधी लोक बैल दाखवायला आणत. बाजारातून नवा घेतलेला बैल त्याच दिवशी गाडीला जुंपणाऱ्याशी ह्यांचं भांडण ठरलेलं. एकदा म्हणे एका बागायतदाराच्या वाड्यावर जाऊन त्यांनी जुंपलेला बैल स्वतः सोडला आणि सावलीत नेऊन बांधला. बागायतदार ओरडत होता, हे बैलाला पाणी दाखवत होते. नंतर दुपारभर दोघे एकाच झाडाखाली बसले होते, असं काकू सांगायच्या. पुढे त्या माणसाने ह्यांना दर संक्रांतीला तीळगूळ पाठवला.

अशा माणसाच्या हॉलमध्ये समुद्र कसा आला, ते ऐकण्यासारखं आहे. निवृत्तीच्या वर्षी ऑफिसची कोकणात सहल गेली. बाकीचे लोक पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून लाटांत फोटो काढत होते, आणि हे ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांत एका डबक्याकाठी उकिडवे बसून राहिले. डबक्यात एक समुद्रफूल होतं. पाणी हललं की उघडायचं, सावली पडली की मिटायचं. ह्यांना वेळेचं भान राहिलं नाही आणि सहलीची बस ह्यांना सोडून निघाली. पुढच्या गावी माणसं मोजली तेव्हा एक कमी भरलं. बस परत आली तेव्हाही हे तिथेच बसले होते आणि बस गेली होती हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"फूल म्हणू नका, जनावर हाय ते," हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. "तोंड हाय, पोट हाय, पाय हाय. बुडाला एकच पाय, त्यानं खडक धरतंय."

सहलीहून आल्यावर हॉलमध्ये आली ती सहा फुटांची काचेची टाकी, तिच्यात खडक, दिवे, पाणी घुसळणारे पंप, आणि उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून वरून वारा मारणारे चार पंखे. बीडचा उन्हाळा आणि ते पंखे मिळून दिवसाला पाचेक लिटर पाणी उडून जायचं. मीठ मागे राहतं, पाणी तेवढं जातं, म्हणून रोज तेवढंच गोडं पाणी वरून घालायचं. हे गोडं पाणी मशीनमधून गाळलेलं, एका निळ्या कॅनमध्ये साठवलेलं. ज्या गावात नळाची वाट बघण्यात आठवडा जातो तिथे हा थाट म्हणजे गल्लीला चघळायला आयताच विषय. काका गल्लीचं काही ऐकून घेत नसत. तेवढ्यासाठी ते स्वतः एक बादली पाण्यात आंघोळ करून दुसरी वाचवतात, असं काकूंनी मला एकदा हळूच सांगितलं.

पहिली तीन जनावरं त्यांच्या हातून मेली. चौथं आलं तेव्हा मी तिथे राहायला गेलेले होते, त्यामुळे तो सोहळा मी डोळ्यांनी पाहिला. मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या गाडीतून थर्माकोलचं खोकं पहाटे यायचं होतं. काका तासभर आधी जाऊन उभे. येताना रिक्षावाल्याला त्यांनी इतकं हळू चालवायला लावलं, की पेपर टाकणारा सायकलवाला रिक्षाला ओलांडून गेला. घरी आल्यावर पडदे ओढले, दिवे बंद. पिशवीतलं जनावर पाण्यासकट एका बादलीत ठेवलं आणि टाकीतून बादलीत सलाइनची नळी सोडली. बैलांना लावायची तीच नळी, तीच बारीक चाकाची कळ. टाकीचं पाणी बादलीत थेंबाथेंबाने पडायला लागलं. हे समोर पाट घेऊन, घड्याळ हातात धरून थेंब मोजत बसले. मध्येच बादलीतलं थोडं पाणी काढून टाकायचं, पुन्हा थेंब.

"काका, ओतून टाकलं तर?" मी विचारलं.

"तुमाला एकदम काश्मिरात नेऊन टाकलं तर?" ते कुजबुजले. "त्याला कळलंबी न्हाई पायजे, पाणी कवा बदललं."

साडेतीन तास. काकू भाकरी थापायच्या थांबल्या होत्या, कारण थापण्याचा आवाज होतो.

मग ते जनावर टाकीत सोडलं, एका छानशा खडकावर, सोफ्यावरून नीट दिसेल असं. त्याने तो खडक दुसऱ्याच दिवशी सोडला. दिवसाला वीतभर, कधी दोन बोटं, असं ते सरकत होतं. पंपात सापडू नये म्हणून काकांनी पंपांना जाळी बांधली होती, पण जनावराला हात लावला नाही. "त्याला पायजे तिथं बसंल. आपण कोण सांगणार?" अकरा दिवस हिंडून ते सगळ्यांत मागच्या खडकाच्या पाठीला, भिंतीकडे तोंड करून चिकटलं. समोरून बघणाऱ्याला फक्त खडक दिसायचा.

दुसऱ्या कुणी ते सोडवून पुढे आणलं असतं. काकांनी स्वतःचं स्टूल उचललं आणि टाकी नि भिंत यांच्यामधल्या दीड फुटाच्या फटीत नेऊन ठेवलं. तेव्हापासून ते तिथेच बसायचे. आलेला पाहुणा सोफ्यावर, मध्ये समुद्र, आणि पलीकडे पाण्यातून दिसणारा काकांचा भला मोठा चेहरा. त्यावरून केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे इकडून तिकडे जायचे. निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी चार माणसं घेऊन आले. सोफ्यावर टेकून विचारलं, "काका कुठंयत?" टाकीतून आवाज आला, "इथंच हाय. बोला तुमी." पुढाऱ्यांनी हात जोडले ते माशांना जोडल्यासारखे झाले. उठताना त्यांनी कौतुकाने अंगठीच्या बोटाने काचेवर टकटक केलं. काका मागून ओरडले, "बोट काढा आधी! दवाखाना हाय का बाजार?" माझ्या माहितीत त्या पुढाऱ्यांना गावात एवढ्या मोठ्याने दुसरं कुणी बोललेलं नाही.

इथपर्यंत सगळी गंमत होती. गंमत नव्हती ती काकूंच्या गुडघ्यांची. दोन्ही गुडघे पार गेले होते. स्वयंपाक त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून करायच्या. दारातल्या दोन पायऱ्या उतरायच्या तर चौकट धरून, तोंड घराकडे करून, उलट्या उतरायच्या. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून वर्षं झाली होती. पण आठ दिवस जायचं, तर टाकी कोण बघणार? पहिली तारीख जनावर नवीन होतं म्हणून गेली. दुसऱ्या तारखेला दोघे जीपमध्ये बसून खरोखर निघाले. गेवराईला चहाला थांबले असताना शेजाऱ्यांचा फोन आला, की गल्लीतली लाइट गेली आहे. इन्व्हर्टर होता, हवेचे पंप होते, तरी काकांनी जीप वळवली. भरलेली पिशवी काकूंनी आठवडाभर कॉटखालून काढली नाही, तेवढंच.

हे मला कळलं तेव्हा मला त्यांचा मनापासून राग आला. बैलाच्या खांद्यावरचा व्रण ज्याला लांबून दिसतो त्याला घरातली बाई उलटी उतरताना दिसत नाही? मी तसं बोलून दाखवलं. काकूच म्हणाल्या, "त्यांचा सोभाव हाय तो, मॅडम. माज्या गुडघ्यालाबी हात लावू नका, बसंल आपोआप, असंच म्हनतेत." आणि हसल्या. त्या हसण्यानेच मी म्हणून गेले, की टाकी मी सांभाळते.

महिनाभर माझी शिकवणी चालली. शेवटी एक कागद टाकीच्या कपाटावर चिकटवण्यात आला. दिव्यांना हात लावू नये, ते आपोआप लागतात. जनावराला खाऊ घालू नये. जनावर आकसले तर घाबरू नये, जागा सोडून दुसरीकडे चिकटले तर ढकलू नये. तोंड वासून पडले तर वास घ्यावा. आणि शेवटी मोठ्या अक्षरात, 'पाणी निळ्या कॅनमधलेच.' का, ते लिहिलेलं नव्हतं. कारण सांगायची काकांना सवय नव्हती.

निघताना काकूंनी मला जिन्याशी गाठलं. त्यांनी माझं मनगट धरलं. "पोरी, काय बी कर, पर धा दिस त्याला जगव. त्याला काय झालं आन् ह्यांना कळलं, तर हे मला तिथंच टाकून येतील बग. पुन्हा मी जायाची न्हाई. जीव न्हाई ऱ्हायला माज्यात."

सोमवारी ते गेले. काकूंची साखर वाढलेली निघाली, म्हणून ऑपरेशन पुढच्या सोमवारवर गेलं. काका दिवसातून तीनदा फोन करायचे. जनावर कसंय, मासे कसेत, पाणी किती उतरलं. काकू कशा आहेत हे मला विचारावं लागायचं.

मंगळवारी निळा कॅन संपला. नळ यायचा होता तो आला नाही, गच्चीवरच्या टाकीत पाणी नाही, तर गाळायचं मशीन कसं चालणार? बुधवारी काचेतलं पाणी बोटभर खाली गेलं. मी स्वयंपाकघरात गेले तर तिथे तांब्याचा हंडा काठोकाठ भरलेला. बाहेरगावी जाताना घरात रिकामं भांडं ठेवायचं नाही म्हणून काकूंनी तो भरला होता, तोही चिंचेने घासून लखलखीत करून. पाणी त्याच मशीनचं होतं, भरताना मीच पाहिलं होतं. कॅनमध्ये काय आणि हंड्यात काय, पाणी एकच, शिवाय तांब्यातलं म्हणजे आणखी चांगलं. आम्ही सगळेच लहानपणापासून हे ऐकत आलोय. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी मी त्या हंड्यातलं पाणी मापून टाकीत घातलं. शुक्रवारी संध्याकाळी नळ आला, कॅन भरला, आणि आपण वेळ निभावून नेली म्हणून मी स्वतःवर खूश होते.

शनिवारी जनावर आकसलं. कागदावर लिहिलं होतं, घाबरू नये. मी घाबरले नाही. रविवारी ते मुठीएवढं झालं, आणि त्याच्या बोटांसारख्या झुपक्यात नेहमी लोळणारे दोन्ही मासे लांब एका कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. मी उरलेलं पाणी ओतून हंडा घासून ठेवावा म्हणून स्वयंपाकघरात गेले. हंडा तिरपा केला तर आत पाण्याच्या रेषेवर एक हिरवट कड दिसली. मी तिथेच फरशीवर बसले. त्याच आठवड्यात मी ऐंशी पोरांना तांब्याचे क्षार शिकवले होते. गाळलेलं पाणी धातू कसं खातं हे फळ्यावर लिहून दिलं होतं. माणसाला तेवढं तांबं काही करत नाही. माशांना फारसं नाही. पण असल्या बिनहाडाच्या जनावरांना त्याचा थेंबही पुरतो, हे मोबाइलवर शोधायला मला दोन मिनिटं लागली. आधी शोधायला हरकत नव्हती.

मिठाचं पाणी काकांनी पिंपात तयार ठेवलेलं होतं. मी बादल्यांवर बादल्या बदलल्या. पण सोमवारी सकाळी सहाला ते खडकावरून सुटून वाळूत पडलं होतं, तोंड वासून. कागदावर लिहिल्याप्रमाणे मी वास घेतला, तो कुजल्याचा होता. मेलेलं तसंच राहिलं तर दिवसाभरात टाकी नासते आणि मासेही जातात. कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारायचं ते एकाच माणसाला. मी दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले आणि ते बाहेर काढलं. हातात ते विरघळत होतं. तुळशीच्या कुंडीत पुरायला निघाले आणि मग मिठाने तुळस जाईल म्हणून परसात पुरलं. मला रडू आलं, आणि रडताना हेही वाटलं, की मी एका जनावरासाठी रडत नाहीये.

नऊ वाजता फोन वाजला. काकूंना आत न्यायची वेळ झाली होती, मागे नर्सचा आवाज येत होता.

"काय म्हनतंय जनावर?" काकांनी विचारलं.

खरं सांगितलं तर काय होणार हे मला ठाऊक होतं. गेवराईची जीप मला दिसत होती. "छान आहे, काका," मी म्हणाले. "सकाळपासून मस्त फुललंय. एवढं मोठं मी कधी पाहिलं नव्हतं."

पाणी किती उतरलं, हे त्यांनी विचारलं नाही. "बरं," एवढंच म्हणाले. "बरं मॅडम. ठिवतो."

त्यानंतर त्यांचा टाकीसाठी एकही फोन आला नाही. सोबतीला गेलेल्या काकूंच्या भाच्याने ऑपरेशन नीट झाल्याचं कळवलं. मी चांगलं खोटं बोलते, असं मला त्या आठवड्यात वाटत होतं.

आठ दिवसांनी ते आले. काकूंना वॉकर धरून कॉटवर बसवलं, औषधं लावून ठेवली, आणि मग काका हॉलमध्ये येऊन आपल्या फटीत, स्टुलावर बसले. मी समोर उभी. पाण्यापलीकडून ते रिकाम्या खडकाकडे बघत होते. मासे पंपाच्या नळीला अंग घासत होते. मी हंड्याचं सगळं सांगून टाकलं, एका दमात, पोरं चुकलेलं उत्तर वाचून दाखवतात तसं.

"हिला सांगू नका," ते म्हणाले. "हंडा तिनं भरलता. तिला वाटंल तिनंच मारलं."

"आणि मी तुमच्याशी खोटं बोलले, काका. त्या दिवशी सकाळी ते आधीच..."

"ठाऊक हाय."

"कसं?" मी विचारलं.

"दिवे साडेअकराला लागतेत," काका म्हणाले. "त्याच्या आधी हे जनावर कवाच फुललं न्हाई. इतक्या दिसांत एकदाबी न्हाई. तुमी नवाला म्हनालात, मस्त फुललंय. तवाच कळलं, गेलं."

"मग तुम्ही आला का नाहीत?"

त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. काकू आत भाच्याला काहीतरी सांगत होत्या, आवाज येत होता. काकांनी आपला आवाज आणखी खाली आणला.

"फोन चालू व्हता तवा हिनं हात धरलता. स्ट्रेचरवर पडल्यापडल्या, चार मान्सांसमोर. लगीन झाल्यापासनं कवा धरला नव्हता. म्या मनात म्हनलं, आता जागचं हालायचं न्हाई."